माझ्या मापाचं घर

माझी उंची कमी आहे, हे मला घर बांधेपर्यंत माहीत नव्हतं.

म्हणजे तसं कोणी बोललंच नव्हतं. लग्नात फोटोग्राफरने मला पाटावर उभं केलं आणि पुष्पाला खाली, तेव्हा मला वाटलं, असेल तसा रिवाज! पुष्पा माझ्यापेक्षा उंच आहे हे दिसत होतं. पण त्याचा अर्थ मी ‘पुष्पा उंच आहे’ एवढाच लावलेला. तिचं माहेर कल्याणचं. वडील रेल्वेतून रिटायर झालेले, दोघे भाऊ व्हॉलीबॉल खेळणारे. ते तिघं एका रांगेत उभे राहिले की मागे कोण आहे ते दिसायचं नाही. (मागे बहुतेक मी असायचो.)

ठाण्याच्या चाळीतल्या एका खोलीत बरीच वर्षं काढल्यावर आम्ही डोंबिवलीच्या पुढे, शीळफाट्याच्या रस्त्याला, छोटासा प्लॉट घेतला. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. तिथे तेव्हा गवत, म्हशी आणि आमचा प्लॉट एवढंच होतं. घर कसं हवं याबाबत माझे विचार एकदम स्पष्ट. शोभेचं काही नको. सगळं सोयीचं हवं! चाळीत पुष्पा खाली बसून स्टोव्हवर स्वयंपाक करायची, म्हणून उभ्याने काम करायला ओटा हवा. बटणं हाताशी हवीत. फळीवरचा डबा स्टुलाशिवाय निघाला पाहिजे. आणि न्हाणीघरात बादली-तांब्या नको, फवारा हवा.

“सोयीचं म्हणजे कुणाच्या सोयीचं?” पुष्पाने विचारलेलं.

“घरातल्या माणसांच्या!”

पुढे ती तिच्या शाळेच्या परीक्षांत अडकली आणि देखरेख माझ्या एकट्याकडे आली. ती एकदाच बघायला आलेली, पण तेव्हा भिंती गुडघ्याएवढ्या होत्या. त्या अवस्थेत सगळीच घरं बुटकी दिसतात.

आमचे हणमंत मिस्त्री शब्दाचे पक्के. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “साहेब, ओटा केवढा उंच घेऊ?”

“साधारण माणसाच्या कमरेला येईल एवढा.”

“साधारण म्हणजे?”

मी सरळ भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. “हे काय, मी आहे ना!”

मिस्त्री क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि भिंतीवर रेघ मारली. त्यानंतर तो परिपाठच झाला. रविवार आला की मी भिंतीला टेकून उभा, आणि मिस्त्री रेघा मारतायत. कमरेला ओटा. छातीला बटणं. नाकासमोर आरसा. हात वर केला की फळी. शाळेत पोरांची उंची मोजतात, तसा मी घरभर मोजला गेलो.

दरवाजांचं श्रेय मात्र पूर्णपणे माझं. माजिवड्याला एक जुनी चाळ पाडत होते, तिथे सागवानी चौकटी विकायला होत्या. लाकूड असं, की टिचकी मारली तर बोट दुखावं! विकणारा म्हणाला, “शेठ, चौकटी जरा बुटक्या आहेत हां.”

मी एक चौकट उभी करायला लावली आणि तिच्याखालून आरपार चालून दाखवलं. दोनदा. वर भरपूर जागा! “कुठे बुटक्या आहेत?”

तोही माझ्याकडे मिस्त्रींसारखाच क्षणभर बघत राहिला. पण गिऱ्हाईकाशी वाद कोण घालणार?

चौकटी बसल्या. मग लादी बसली. लादीखाली रेती-सिमेंटचा थर येतो आणि आतली जमीन चांगली चार बोटं वर सरकते, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. डोक्याला लागलं नाही, म्हणून डोक्यात आलं नाही!

गृहप्रवेशाचा रविवार उजाडला. चौरंगावर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, हार, मेणबत्त्या, सतरंज्या. भंतेजी सगळ्यात आधी आले, पण ते मुळातच मान खाली घालून चालणारे. न अडखळता आत गेले, आणि कोणालाच धोक्याची सूचना मिळाली नाही.

मग कल्याणची मंडळी आली. मामांची (म्हणजे सासऱ्यांची) मी जरा जास्तच वाट बघत होतो. लग्नाला होकार देताना ते म्हणालेले, “मुलगा चांगला आहे, नोकरी ठाण्यात आहे, पण...” आणि वाक्य तिथेच सोडलेलं. त्या ‘पण’ला माझं उत्तर म्हणजे हे घर!

“जय भीम मामा! या, या, आत या!”

“जय भीम, जयभ—” ठक्!

बांधकाम दणकट आहे, हे सगळ्यांना आवाजावरूनच कळलं.

“लागलं का हो?”

“छे, छे,” मामा हसत म्हणाले आणि चौकट धरून उभे राहिले. डोळ्यांवर पाणी मारायला मी त्यांना न्हाणीघराकडे नेलं. न्हाणीघरालाही दार होतं. ठक्! ते बाहेर यायला निघाले तसा थोरला मेहुणा राजू ओरडत धावला, “बाबा, वाका! वाका!” मामा वाकले. राजू वाकला नाही. ठक्!

वंदना सुरू झाली तेव्हा सगळे खाली बसले, म्हणून तेवढा वेळ कोणाला इजा झाली नाही. पण मग जेवणाची गडबड उडाली. पुष्पा सकाळपासून ओट्यापाशी कमरेत दुमडून उभी होती. मी डोकावताच म्हणाली, “अहो, हा ओटा आहे की पाट? आणि त्या आरशात मला नुसता माझा गळा दिसतोय!”

एवढ्यात धाकटा मेहुणा न्हाणीघरातून अर्धा भिजून बाहेर आला. (वाकून!) “दाजी, फवारा एक नंबर आहे. डोकं तेवढं वेगळं धुवायला लागेल.”

शेवटी राजूने प्रत्येक दारात एकेक भाचरू उभं केलं. माणूस दिसला की पोरं किंचाळायची, “वाकाऽऽ!” माझ्या ऑफिसातली माणसं काही न कळता वाकत होती. ज्यांना वाकायची काही गरज नव्हती तेही वाकत होते. मीसुद्धा एकदा वाकलो.

पंगत बसली. मामांच्या कपाळावर ओला टॉवेल. समोर नवीन सदरा घालून आलेले मिस्त्री. मामांनी अगदी सौम्यपणे विचारलं, “मिस्त्री, माप चुकलं कसं हो?”

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. “चुकलं? सूतभर चुकलेलं नाय! ओटा, आरसा, फवारा, एकूणएक माप साहेबांच्या अंगावरनं घेतलंय!”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ओट्याकडे. मग परत माझ्याकडे. मी कोणाच्या तरी मागे जाऊन उभा राहणार होतो, पण सगळे खाली बसलेले!

पहिली पुष्पा हसली. वरणाचा डाव हातात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग मामा हसले, आणि हसताना कपाळ दुखतंय म्हणून ‘आई गं’ करत पुन्हा हसले. “जावईबापू,” ते म्हणाले, “तुमच्या लग्नाच्या वेळी माझं एक वाक्य अर्धं राहिलेलं. आता राहू दे.”

पुढच्या महिन्यात ओटा फोडून वर घेतला. आरसा आणि फवारा पुष्पाच्या मापाने चढवले. (मी आता आरशात कपाळ आणि भांग बघतो. दाढी अंदाजाने करतो.) चौकटी मात्र काढता येईनात, त्यांच्यावर सगळा भार. पुष्पाने जुनी गोधडी फाडून लांबट उशा शिवल्या आणि मामांनी त्या स्वतःच्या हाताने प्रत्येक चौकटीला ठोकून दिल्या.

तरी या घरात एक वस्तू पहिल्यापासून माझ्या मापाची नव्हती. मी ऑफिसात असताना वायरमन आला आणि मेन स्विच स्वतःच्या उंचीने लावून गेला. फ्यूज उडाला की सगळे मला हाक मारतात. घरातला कर्ता पुरुष मीच ना! मी लगेच उठतो, बॅटरी लावतो, स्विचखाली जाऊन उभा राहतो, आणि मोठ्या आवाजात हुकूम सोडतो, “पुष्पा, जरा हात वर कर!”