फुवांनी न जुळवलेली सोयरीक

शहादा तालुक्यात एखादं माणूस बिनलग्नाचं राहिलं असेल, तर ते फुवांच्या नजरेतून सुटलं म्हणून. आणि फुवांच्या नजरेतून सुटलेलं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्या खानदेशात आत्याला फुई म्हणतात, म्हणून हे फुवा. घरी केळी आहे, ऊस आहे, पण त्यांचं खरं पीक सोयरिकीचं. एस.टी.त शेजारी कोणी बसलं की आधी गाव विचारायचं, मग भाऊबंद, मग मामाचं गाव. प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल येईस्तोवर त्या माणसाच्या पुतणीचं स्थळ निम्मं ठरलेलं असायचं. एकदा तापीकाठी कोणाच्या तरी दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. सगळे ताटकळले होते. फुवांनी तेवढ्यात मयताच्या धाकट्या मुलासाठी समोरच बसलेल्या पाहुण्यांची मुलगी सुचवली, पाहुणे ‘बघू’ म्हणाले, आणि कावळा आला. “त्याना जीव तठेच अडकेल व्हता,” फुवा गंभीरपणे म्हणाले, आणि त्यावर हसायची कोणाची हिंमत झाली नाही.

स्थळ पारखायची त्यांची रीतही न्यारी. मुलीच्या घरी गेले की मुलीकडे बघायचे नाहीत. पाणी मागायचे आणि माठाकडे बघायचे. मुलाच्या घरी गेले की थेट शेतात. “ज्यानी ठिबकनी नळी नीट गुंडाळेल शे, तो बायकोले नीट नांदाडस,” हा त्यांचा सिद्धान्त. बरं, लग्न लावून दिलं की संपलं असंही नाही. त्यांनी जुळवलेल्या नवराबायकोत अबोला झाला, तर फुवा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचे आणि दोघं एकमेकांशी बोलेपर्यंत त्या घरचं पाणीही प्यायचे नाहीत. उन्हाळ्यात हा उपाय फार लवकर लागू पडे.

दिल्लीत मोठ्या कोर्टात तो खटला चालला होता, तेव्हा मी नंदुरबारहून फुईला भेटायला गेलो होतो. दोन पुरुषांना, दोन बायांना एकमेकांशी लग्न करू द्यावं की नाही, असा तो प्रश्न. शहाद्याच्या बसस्टँडबाहेर चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक मुकादम फुवांचे जुने दोस्त. त्यांनी फुवांनाच विचारलं, की लग्नातलं तुम्हाला जास्त कळतं, तुमचं काय मत? फुवांनी चहा बशीत ओतला. त्यांची अडचण धर्माची नव्हती, धंद्याची होती. वरात कोणाच्या दारी न्यायची? मुलीकडचे कोण, मुलाकडचे कोण? रुसायचा मान कोणाचा? मानापानाशिवाय लग्न झालं, तर पाहुण्यांनी दहा वर्षं बोलायचं कशावर? टपरी हसली. मग फुवा जरा मऊ आवाजात म्हणाले, “ऱ्हातस बिचारा जोडे, तर ऱ्हाऊ द्या. कोनी मारामारी करू नका. पन त्याले सरकारना शिक्का काब्रं पाहिजे? जोडे ऱ्हावाले कागद लागत नही.” एकत्र राहायला कागद लागत नाही, हे सगळ्यांना पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. पुढे कोर्टानंही सांगितलं, की असा कायदा करणं हे संसदेचं काम. आणि टपरी पुन्हा केळीच्या भावाकडे वळली.

त्याच दिवाळीत फुवांची मुलगी मनीषा सुरतहून घरी आली. ती तिथे एका कपड्याच्या कंपनीत हिशेब बघते. गावभर लग्नं लावणाऱ्या माणसाच्या घरात मुलगी बिनलग्नाची, हे फुवांचं दुखणं होतं, आणि तेवढ्यासाठी त्यांनी आपल्या पोतडीतलं सर्वांत चांगलं स्थळ राखून ठेवलं होतं. ठिबकच्या नळ्या स्वतः बघून आले होते. फराळाचं ताट पुढ्यात असताना त्यांनी मुलाचं कौतुक सुरू केलं. मनीषानं ते पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आप्पा, मन्हं ठरेल शे. मी सुमित्रासंगे ऱ्हास. तीच मन्हं घर शे.”

सुमित्रा म्हणजे खांडबाऱ्याची. तिकडच्या कोकणी नावाच्या आदिवासी जमातीतली, सुरतेत परिचारिका. तिचं नाव घरात सगळ्यांना माहीत होतं, ‘खोलीतली मैत्रीण’ म्हणून. फुवांनी विचारलं, “म्हणजे?” मनीषानं सांगितलं, म्हणजे तेच, जे टीव्हीवर चाललं होतं. फुई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. फुवा उठले, चपला घालून शेतात गेले. मनीषा दुसऱ्या दिवशी सुरतेला परतली, तेव्हाही ते शेतातच होते.

त्यानंतर वर्षभर ते मुलीशी बोलले नाहीत. तिचा फोन आला की फुई बोलायची आणि फुवा शेजारी बसून दुसरीकडे बघत ऐकायचे. लोकांच्या ओट्यावर अबोला मोडायला बसणारा माणूस. त्याच्या स्वतःच्या ओट्यावर कोण बसणार? मी एकदा विषय काढून पाहिला, तर मला म्हणाले, “मास्तर, तुम्ही शाळामा शिकाडा.” स्थळं सुचवायचंही त्यांनी जवळजवळ सोडलं होतं. एस.टी.त शेजारच्या माणसाला गाव विचारत, पण मामाच्या गावापर्यंत पोचत नसत.

मग एका सकाळी सुमित्राचा फोन आला. मनीषाच्या स्कूटरला ट्रकचा धक्का लागला होता. ती शुद्धीवर नव्हती, ताबडतोब ऑपरेशन करायचं होतं, आणि दवाखान्याला नातेवाइकाची सही हवी होती. सुमित्रानं त्यांना सांगितलं, की मी तिच्याबरोबर राहते, मीच तिला इथे आणलंय, मी स्वतः परिचारिका आहे. ते म्हणाले, ते ठीक आहे, पण तुम्ही तिच्या कोण? आणि वडिलांचा होकार फोनवर चालत नाही, सही समोर हवी. फुवा मिळेल त्या एस.टी.नं निघाले. विसरवाडीच्या फाट्याजवळ टँकर उलटला होता. ट्रकांच्या रांगेत एस.टी. अडकली, ती हलेचना.

पुढचं त्यांनी मला स्वतः सांगितलंय. ते सारखे उठून बाहेर बघत होते, म्हणून शेजारच्या म्हातारीनं विचारलं काय झालं. त्यांनी सांगितलं.

“तिनाजोडे कोन शे?” म्हातारीनं विचारलं.

“मैतरीन शे.”

“मंग तिले सांगा ना सही कराले.”

“तिनी सही चालत नही. ती नातामा नही शे.”

“एकच घरमा ऱ्हातस ना दोन्हीजनी?”

“हा.”

“मंग हाऊ कसा कायदा, भाऊ? अश्यामा पोर मरी जाई ना!”

पुढच्या सीटवरचा माणूस वळला, कंडक्टर आला, आणि बघता बघता सगळी एस.टी. त्या कायद्यावर संतापली. “मास्तर,” फुवा मला म्हणाले, “त्या बसमा मन्हाच शब्द माले उलटा पडी ऱ्हायंतात. जोडे ऱ्हावाले कागद लागत नही म्हने! मरता मरता लागस ना.”

ते पोचले, त्यांनी सही केली, मनीषाला आत नेलं. बाहेरच्या बाकाशेजारी सुमित्रा उभी होती. बसायचीसुद्धा परवानगी नसल्यासारखी. फुवांना दुसरं काही सुचेना, म्हणून जे आयुष्यभर विचारलं तेच त्यांनी विचारलं. गाव तर माहीत होतं. मामाचं गाव कोणतं? तिनं सांगितलं. शेत आहे का? थोडं आहे, भात होतो. घरी कोण कोण? आई आणि भाऊ. ती आज्ञाधारकपणे उत्तरं देत होती आणि रडत होती. फुवा म्हणाले, “जेवनी का?” ती नाही म्हणाली. ते खाली जाऊन दोघांसाठी खमण घेऊन आले.

मनीषा वाचली. पाय थोडा ओढत चालते, एवढंच. फुवा परत आले आणि टपरीवर त्यांनी सगळं सांगितलं, काहीही न झाकता. मुकादम म्हणाले, सही तेवढी चालायला पाहिजे, लग्नाचं नंतर बघू. “नातं नही तर सही कशी चालई? आनि लगीन नही तर नातं कसं व्हई?” फुवांनी विचारलं. पुढच्या आठवड्यात मुकादमांनी स्वतःच दुसऱ्या कोणाला तरी हाच प्रश्न घातल्याचं मी ऐकलं. सगळेच काही बदलले नाहीत. दोन घरांनी ठरत आलेली सोयरीक फुवांच्या हातून काढून घेतली, आणि एका चुलत भावानं ओट्यावर येणं सोडलं. फुवांना ते लागलं. पण ते मला म्हणाले, “मी इतला हट्टी मानूस, मी बदलनू. बाकीनासले काय धाड भरनी शे?”

यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाचं लग्न शहाद्यालाच झालं. मनीषा आणि सुमित्रा दोघी आल्या होत्या. फुवांनी त्यांना बायकांच्या रांगेत, फुईच्या शेजारी बसवलं. एका पाहुणीनं सुमित्राकडे बोट करून विचारलं, “हाई कोन?” असा प्रश्न कोणी विचारला, की फुवा सात पिढ्या सांगतात. त्या दिवशी त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “खांडबारानी शे. आमनी शे.” पाहुणी सरकली आणि तिनं सुमित्राला पंख्याच्या वाऱ्यात जागा करून दिली.

मंगलाष्टकं सुरू झाली. अक्षता उडत होत्या. फुवा खांबापाशी मूठ मिटून उभे होते, पण त्यांची नजर नवरानवरीकडे नव्हती, फुईशेजारी बसलेल्या त्या दोघींकडे होती. सगळं आटोपून लोक पंगतीकडे निघाले, तेव्हा मी त्यांना हात धुवायला बोलावलं. त्यांनी मूठ उघडली. तांदूळ तळव्याला चिकटले होते.

“फुवा, टाकायच्या राहिल्या तुमच्या,” मी म्हणालो. “आता टाका.”

त्यांनी एकेक दाणा बोटानं सोडवून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

“ऱ्हाऊ दे,” म्हणाले. “लागतीन.”