आधी फोन न ठेवणारी कुमुद

ईशा आणि निहार,

हे मराठीत लिहिते आहे, म्हणजे तुमच्या आईला ते तुम्हाला वाचून दाखवावं लागेल. माझी तशीच इच्छा आहे. इंग्रजीत लिहिणं मला अवघड नव्हतं, आयुष्यभर कॉलेजात तीच भाषा शिकवली. पण तुमची काकीआजी मला इंग्रजीत ऐकू येत नाही.

आत्ताच लिहायला दोन कारणं आहेत. काकीआजीला जाऊन दीड महिना झाला, आणि तुम्हाला ती ठाऊक आहे ती मोबाइलच्या पडद्यावर दिसणारं अर्धं कपाळ आणि चष्मा एवढीच. दुसरं कारण ईशा, तू. तुझ्या आईने नोकरी सोडल्यावर गेल्या रविवारी तू मला विचारलंस, "आजी, शाळेत सगळे आपापली आई काय करते ते सांगणार आहेत. मी काय सांगू? आई तर आता काहीच करत नाही." तुझी आई मागे भांडी लावत होती. तिचे हात थांबलेले मला इथून दिसले. तुला उत्तर द्यायला मला हा कागद लागतो आहे.

कुमुद माझी धाकटी जाऊ, म्हणजे तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाची, वसंतची बायको. फोन उचलून तिने कधी 'हॅलो' म्हटलं नाही. "बोला, नाशिक," म्हणायची. सगळं शहर तिच्या मागे उभं असल्यासारखी. आणि बोलणं संपलं तरी तिने कधी आधी फोन ठेवला नाही. पलीकडच्या माणसाने रिसीव्हर ठेवल्याचा 'टक्' आवाज येईपर्यंत थांबायची, मग आपला ठेवायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "वहिनी, दोन्ही पार्ट्या सुटल्याशिवाय ऑपरेटरने हात काढायचा नसतो."

ती खरोखरच ऑपरेटर होती. तेव्हा नाशिकहून नागपूरला आपला आपण फोन लावता येत नसे. एक्स्चेंजला नंबर सांगायचा आणि वाट बघत बसायचं. तिथे मोठ्या बोर्डासमोर मुली ओळीने बसलेल्या असत, कानाला हेडफोन, हातात दोऱ्या. एका भोकात एक दोरी, दुसऱ्यात दुसरी, की दोन गावं बोलायला लागत. दर तीन मिनिटांनी त्या मध्ये डोकावत, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" कुमुद इगतपुरीच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली. वडील पॉइंट्समन. घाटातल्या पावसात सिग्नलच्या तारा ओढून त्यांचे तळवे चामड्यासारखे झालेले. त्यांच्या मुलीला सरकारी नोकरी लागली तेव्हा त्यांनी कॉलनीभर पेढे वाटले होते.

आमच्या सासूबाईंना मात्र ही नोकरी पटत नसे. माझं कॉलेज त्यांना चालत असे. प्राध्यापिका सून सांगायला बरी वाटते. "ही मात्र रात्री-अपरात्री परक्या पुरुषांशी बोलते," असं त्या आल्यागेल्यापाशी म्हणत. कुमुद स्वयंपाकघरातून ओरडायची, "बोलत नाही हो आई, नुसतं जोडून देते! बोलतात ते लोक, वैतागते मी." सासूबाईसुद्धा हसायच्या, पदर तोंडाला लावून.

मग संदीप झाला. तुमचा संदीपमामा. जन्मापासून त्याला दम्याचा त्रास. तुमची आई, मंजू, तेव्हा तीन वर्षांची. त्याच सुमारास सासूबाईंची दृष्टी गेली. एका रविवारी जेवणं झाल्यावर आम्ही सगळे बसलो आणि दोघींपैकी एकीने घरी थांबायचं हे कोणी न बोलताच ठरलं. कोणी थांबायचं, एवढाच प्रश्न होता. कुमुदची पाळ्यांची नोकरी, आणि दम्याचं पोर तिचंच. तिनेच बोलून टाकलं, "मी थांबते. पण भावजी, वहिनी, सगळ्यांनी ऐकून ठेवा. मी लाइन कट करत नाहीये. होल्डवर ठेवतेय. संदीप शाळेत जायला लागला की मी परत बोर्डावर."

"हो, हो," सगळे म्हणाले. आणि सगळ्यांना तसंच वाटत होतं. तिला फसवण्याचा कोणाचाच विचार नव्हता, हे तुम्हाला मुद्दाम सांगते. आधी तिने बिनपगारी रजा घेतली, ती वाढवली, पुन्हा वाढवली. शेवटी ऑफिसने 'हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या' म्हटलं, तेव्हा संदीप दवाखान्यात होता. राजीनामा दिला त्या दिवशीसुद्धा ती म्हणाली, "पुन्हा परीक्षा देईन. हात विसरत नाहीत."

आणि मग तिने या घराचंच एक्स्चेंज केलं. आपल्याकडे फोन होता, गल्लीत बाकी कोणाकडे नव्हता, त्यामुळे सगळ्यांचे फोन आपल्याकडे. शेजारच्या देवरेकाकू सटाण्याकडच्या. त्या रोज दारात, "कुमुद, मना पोऱ्याना फोन उना का वं?" त्यांचा पोऱ्या म्हणजे मुलगा, लष्करात होता. फोन आला की कुमुद कढईखालचा गॅस बंद करून धावत सुटायची, पायात चप्पलही नाही. काकू बोलायला लागल्या की स्वतः दारापुढच्या ओट्यावर जाऊन उभी राहायची, पाठ करून. ऐकू आलंच तर ते पोटात. "लाइनवरचं बाहेर न्यायचं नाही," हा तिचा दुसरा नियम.

मुलं भांडली तर ती दोघांना समोरासमोर बसवायची. "मंजू, तू आधी. तीन मिनिटं. संदीप, मध्ये बोललास तर तुझा कॉल रद्द." तीन मिनिटांनी, "झाली. वाढवायचीत का?" बहुतेक वेळा पुढे बोलायला भांडणच उरत नसे. मी कॉलेजातून यायचे तेव्हा दोघांची जेवणं, अभ्यास, सासूबाईंचे डोळ्यांतले थेंब, सगळं आटोपलेलं असायचं. ती माझ्या हातात चहा द्यायची आणि विचारायची, "आज काय शिकवलंत? सांगा ना. कोणा मोठ्या माणसाचं धड वाक्य ऐकून सकाळपासून किती तास झाले माहितीये?"

संदीप पहिलीत गेला त्या जूनमध्ये तिने खरंच विषय काढला. ठेवणीतली मोरपंखी साडी कडक इस्त्री केली, डबासुद्धा भरला. "आजच बसवलं तर?" म्हणाली. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिच्याबरोबर गेले.

तो हॉल मला अजून दिसतो. बोर्ड काढून भिंतीशी लावलेले. दोऱ्यांची भेंडोळी एका खोक्यात. तिच्या जुन्या सुपरवायझरबाई धावत आल्या, तिला मिठी मारली आणि म्हणाल्या, "अगं, आता लोक घरबसल्या स्वतःच फिरवतात नंबर. नवीन भरती कुठली?" बरोबरच्या मुलींचं काय, तिने विचारलं. त्यांना बिलाच्या काउंटरवर, चौकशीला, इकडेतिकडे सामावून घेतलं होतं. नोकरीत होत्या त्यांना घेतलं. ज्या नव्हत्या, त्या नव्हत्या.

कुमुदने खोक्यातली एक दोरी उचलली, तिचं पितळी टोक पदराने पुसलं आणि परत ठेवली. येताना रिक्षात ती डबा मांडीवर धरून बसली होती. दारात सासूबाईंनी विचारलं, "काय गं, काय म्हणाले?"

"पार्टी लाइनवर नाही," ती ऑपरेटरच्या ठरलेल्या आवाजात म्हणाली, आणि साडी बदलायला आत गेली. तो डबा आम्ही दोघींनी उभ्याउभ्याच स्वयंपाकघरात खाल्ला.

त्यानंतर तिने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. लोकांना वाटलं, रमली. रमली होतीही. संदीप पहिल्यांदा औषधाशिवाय पटांगणाला दोन फेऱ्या मारून आला, तेव्हा ती गल्लीतून त्याच्या मागे पळत होती आणि स्वतःच दम्याची असल्यासारखी धापा टाकत हसत होती. ते सुख मला मिळालं नाही. माझ्या मुलीचं असलं किती तरी मी संध्याकाळी चहाबरोबर ऐकलं. दोघींच्या हातांत जे आलं ते अर्धं अर्धं होतं, आणि दोघींना दुसरीचं अर्धं दिसत होतं.

पुढे संदीप बंगलोरला नोकरीला लागला. रविवारी ऑफिसमधून फोन करायचा. असाच एक रविवार. मी भाजी निवडत होते. कुमुदचं बोलणं संपलं, "ठेव हं," म्हणाली आणि नेहमीसारखी थांबली. पण यावेळी ती थांबूनच राहिली. रिसीव्हर कानाला, नजर भिंतीवर. मग अगदी हळू, काचेचं काहीतरी ठेवावं तसा तिने तो ठेवला आणि माझ्याजवळ येऊन मेथीची जुडी ओढली.

"काय झालं?"

"काही नाही. लाइनवरचं आहे."

मी पुन्हा विचारलं नाही. तो तिचा नियम होता.

ईशा, तू जन्मलीस तेव्हा तुझ्या आईने नोकरीचं काय करू म्हणून तिकडून रडत फोन केला होता. मला नाही, काकीला. मी शेजारी बसले होते. कुमुद म्हणाली, "मंजू, सोडलीस तरी रडशील, धरलीस तरी रडशील, ते काही चुकत नाही. पण होल्डवर ठेवतेय असं म्हणून सोडू नकोस. होल्डवरची लाइन कधी कट होते ते कळत नाही गं, तिचा आवाज येत नाही. सोडायची तर सोडली म्हणून सोड. नाहीतर जा कामावर, पोर मोठं होतं." तुझी आई तेव्हा कामावर गेली. आता तिने सोडली आहे, आणि होल्डवर ठेवली असं ती कोणालाही म्हणाली नाही. हे माझ्या लक्षात आलं आहे, मंजू.

या वर्षी थंडीत कुमुदच्या फुप्फुसांत पाणी झालं. दवाखान्यात मीच होते तिच्याजवळ. वसंत आणि तुमचे आजोबा कधीच गेलेले. दुपारी संदीपचा विमानतळावरून फोन आला. मी मोबाइल तिच्या कानाशी धरला. "आई, बसतोय मी विमानात. येतोच. ठेवतो हं?"

"ठेव, बाळा."

फोन बंद झाला. मी हात मागे घ्यायला लागले, तर तिने माझं मनगट धरलं.

"ठेवला त्याने, कुमुद."

"थांबा. नीट ठेवला का बघू दे."

पडदा काळा झाला होता. मी तो तिला दाखवला. मग विचारलं, "असं का म्हणालीस?" आणि इतक्या वर्षांनी तिने सांगितलं. त्या रविवारी संदीपने रिसीव्हर नीट ठेवला नव्हता. त्याच्या शेजारी कोणीतरी विचारलं, तुझी आई काय करते? तो म्हणाला, "काही नाही रे. घरीच असते."

"त्याला सांगू नका," ती म्हणाली. श्वास घ्यायला थांबली. "लाइनवरचं आहे. आणि खोटं कुठे बोलला तो? घरीच होते ना मी." थोड्या वेळाने पुन्हा, "वहिनी, पण 'काही नाही' कशाला म्हणायचं?"

मी तिचे पाय चेपत बसले. संदीप पोचला तेव्हा ती डोळे उघडत होती, पण बोलत नव्हती. तो तिच्या कानाशी वाकून "आई, आई," करत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. तिचा हात त्याच्या हातात होता, आणि तिच्या हाताची पकड सुटल्यावरही तो धरूनच बसला होता.

सुतकाच्या दिवसांत भेटायला संदीपच्या ओळखीचे एक गृहस्थ आले. तिला कधी न पाहिलेले. बोलायला विषय हवा म्हणून त्यांनी विचारलं, "आई कुठे नोकरीला वगैरे होत्या का?"

"नाही, आई घरीच..." संदीप म्हणाला आणि थांबला. खाली मान घालून म्हणाला, "टेलिफोनमध्ये होती. बोर्ड चालवायची. मग मला दमा होता म्हणून घरी थांबली. मी घेतोय तो श्वास तिने दिलेला आहे." एवढं बोलून तो उठून ओट्यावर गेला. माणूस पन्नाशीला आलेला, पण खांदे पहिलीतल्या मुलासारखे हलत होते.

मी त्याला काही सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हते. आता लिहिलं आहे, कारण जिचा नियम होता ती राहिली नाही, आणि ईशा, तुला उत्तर द्यायचं होतं. संदीपला हे मी आधी वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पाठव, काकू. मुलांना कळू दे." मग म्हणाला, "मला ते बोलल्याचं आठवतसुद्धा नाही गं." हे त्याला फार लागलं आहे. तुम्ही त्याच्याशी बोलाल तेव्हा हा विषय काढू नका, नुसतं बोला.

शाळेत काय सांगायचं ते तू ठरव. 'काही नाही' एवढं मात्र सांगू नकोस.

कुमुदच्या साड्या वाटून झाल्या. जुना फोन भंगारात जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि एक्स्चेंजच्या त्या हॉलमध्ये आता काय आहे मला माहीत नाही. पण तिने वाढवलेली दोन मुलं, एक बंगलोरला आणि एक तुमच्याजवळ, बोलणं संपल्यावर कधी आधी फोन ठेवत नाहीत.