पालकांचे मत

सईची आई वर्गातल्या छोट्या बाकावर बसली होती. पालकसभेला आम्ही मोठ्या माणसांनाही तिथेच बसवतो. गुडघे फळीखाली अडकलेले, पर्स मांडीवर आणि पुढ्यात सईच्या वर्षभराच्या शिक्षणाचा आराखडा. मी सईची विशेष शिक्षिका. दरवर्षी मी 'इथे सही करा' म्हणून बोट ठेवते आणि पालक सही करतात.

ही बाई मात्र वाचू लागली. ओळीखाली बोट धरून, आमच्या जड शब्दांपाशी अडखळत. बाहेर पाच जण ताटकळले होते. शेवटच्या रकान्यापाशी तिचं बोट थांबलं.

"मॅडम, हे 'पालकांचे मत' कुणी लिहिलं?"

तिथे माझ्याच अक्षरात 'सहमत' होतं. सगळ्यांच्याच कागदांवर मी ते आदल्या दिवशी लिहून ठेवते, तेवढाच वेळ वाचतो.

"तुमचं काही वेगळं आहे का?" मी जरा घुश्शातच विचारलं.

"वेगळं नाही हो. तुम्ही लिहिलंय, सई लक्ष देत नाही, कान झाकून बसते. घरी पंखा बंद केला की बसते नीट."

डोक्यावर पंखा घरघरत होता. वर्षभर घरघरत होता. नऊ वर्षं या मुलीला ओळखणाऱ्या बाईला आम्ही बोलावतो ते सांगायला, विचारायला नाही. मी उठून पंखा बंद केला. वर्गात एकदम कोंडल्यासारखं झालं.

तिने पर्समधून पेन काढलं. "मग हे कुठे लिहू?"

मतासाठी एकच ओळ होती, आणि ती मी भरून टाकली होती.