गुंड पडलाच नव्हता

माझा नातू गॅसच्या पाइपलाइनीवर कामाला आहे. मध्यंतरी जेवताना सांगत होता, जमिनीखालचा पोलादी पाइप कुणी धक्का न लावताही तडकतो. घडवतानाचा ताण धातूत राहून गेलेला असतो, आतून गॅसचा दाब असतो आणि भोवतीच्या ओल्या मातीतलं काहीबाही त्याला लागतं. सगळं एकत्र आलं की केसासारखी चीर जाते, आणि ती वेळेत शोधणं हीच याची नोकरी. मी म्हटलं, बाबा रे, असल्याच एका चिरेपायी मी सासरी पावसाळाभर खोटारडी ठरले होते. घास हातातच राहिला त्याचा.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. माहेर पोंभुर्ण्याचं, सासर आरमोरीजवळच्या खेड्यात. लग्नाचं पहिलंच वर्ष. आंदणातला पितळी गुंड, म्हणजे पाण्याची घागर, इतका चकचकीत, की मी त्यात तोंड बघून घ्यायची. घरात जागा बेताची, म्हणून सासूबाईंनी तो तणसात, म्हणजे धानाच्या पेंढ्यात, गुंडाळून कोठ्याच्या माळ्यावर ठेवला. गोठ्याला आमच्याकडे कोठा म्हणतात. खाली बैल आणि म्हशी. धानाच्या रोवणीच्या दिवसांत तिथे मुताचा असा वास कोंडायचा की डोळ्यांतून पाणी यावं.

पाहुणे यायचे होते म्हणून गुंड खाली काढला आणि मी विहिरीवर नेला. भरून डोक्यावर घेतला, तर मानेवरून पाणी ओघळायला लागलं. गळ्यापासून पोटापर्यंत उभी चीर गेली होती.

"विहिरीवर पाडला काय व?" सासूबाईंनी विचारलं.

"नाई बाई. पाडला नाई."

"गुंडाचं काई नाई. पन खोटं नोको बोलू. मले खोट्याचा राग येते."

बाई तशा मायाळू. मला आधी वाढून मग स्वतः जेवायच्या. पण एकदा डोक्यात बसलं की बसलं. विहिरीवरच्या बायांना तर आयतंच मिळालं. नव्या नवरीचा पायगुण म्हणून कुजबुज सुरू झाली. 'हो, पाडला' म्हटलं असतं तर विषय मिटला असता, पण मी तापट. न केलेल्या गोष्टीला हो म्हणायला जीभ वळेना.

पाऊस चालूच होता तेव्हा आरमोरीचे कल्हईवाले आले. म्हातारे मुसलमान गृहस्थ, दरवर्षी आमच्या पडवीत भाता लावायचे. सासूबाईंनी गुंड पुढे केला. "भाऊ, हे सांधते काय?"

त्यांनी तो उलटासुलटा फिरवला. "पोचा कुठी हाय, बाई? आपटला असता तर पोचा पडला असता."

"मंग काऊन फुटला?"

"आता मले पक्कं नाई सांगता येत. ठोकून घडवलेलं भांडं आतून तनलेलं राह्यते. म्हनून काई कारागीर शेवटी मंद आचेवर ताव देतेत." बोलता बोलता त्यांनी तापल्या पातेल्यात नवसागर टाकला. पांढरा धूर उठला, कोठ्यातल्या वासासारखा नाकाला झोंबला. "असा वास जिथी राह्यते, तिथी मी पितळ ठेवत नाई. उगाच तडकते."

सासूबाईंनी नाकाला पदर लावला आणि कोठ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी म्हणतील काही. पण त्या उठून आत गेल्या. माझा जीव नुसता जळला.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या ओट्यावरून त्यांचा स्वतःचा गुंड नाहीसा झाला. तो त्यांच्या आईने दिलेला, त्या कुणाला हात लावू देत नसत. मी विचारलं तर म्हणाल्या, "ठेवला." एवढंच. माझ्या हातून फुटेल म्हणून लपवला, असं मी धरून बसले. चुलीपुढे बसून रडले; धुराचं निमित्त होतंच.

धान कापणीला आलं तेव्हा एका सकाळी त्यांनी मला कोठ्यात हाक मारली. स्वतः माळ्यावर चढून तणसाचं गाठोडं खाली दिलं. सोडून पाहते तर त्यांचा गुंड, आणि गळ्याखाली नख जाईल एवढी चीर. त्या खाली उतरल्या, चिरेवरून अंगठा फिरवत राहिल्या.

"तुमच्या आईचा ना बाई हा?"

"हाव. तू खरं सांगत होती. म्याच आयकलं नाई."

त्यानंतर आमच्या कोठ्यात पितळ कधी गेलं नाही, आणि नवं भांडं आलं की ताव देऊन घेतल्याशिवाय सासूबाई ते वापरायला काढू देत नसत. पण ते सगळं पुढचं. त्या सकाळी त्यांनी तो फुटका गुंड कमरेवर घेतला आणि तडक विहीर गाठली. सगळ्या बाया तिथेच होत्या. मी मागे धावले. त्यांनी गुंड भरला. चिरेतून पाणी त्यांच्या लुगड्यावर गळू लागलं.

"बाई, तुमचा गुंड फुटका हाय," कुणीतरी म्हणालं.

"हाव. कोठ्यात ठेवला होता, कोनी हात नाई लावला, तरी तडकला. सुनेचा बी तसाच तडकला. तिनं पाडला नवता."

घरी पोचेपर्यंत गुंड रिकामा झाला होता आणि त्यांचं लुगडं ओलंचिंब. मी कोरडं लुगडं आणून दिलं, आणि पहिल्यांदा त्यांना बाई न म्हणता आई म्हटलं.