टपावरचे बिबडे

आमच्या घरचे बिबडे एकदा आगगाडीने फिरून आले. विनातिकीट, आणि टपावरून.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. जळगाव जिल्ह्यातल्या एका छोट्या लायनीवर मी डबेदुरुस्तीच्या कामाला होतो. छोटी लायन म्हणजे रूळ अरुंद, इंजिन कोळशाचं आणि वेग असा, की माणूस उतरून शेतातली काकडी तोडून पुन्हा चढू शकायचा. (मी स्वतः चढलो आहे. एकदा तर शेतमालकही माझ्या मागोमाग चढला!)

शेडच्या पलीकडे, आमच्या क्वार्टरच्या अगदी मागे, साहेबी जमान्यातला एक लाकडी डबा सडत उभा होता. वरून असं ठरलं, की तो नीट झाला तर जुनी वस्तू म्हणून जपायचा, सणासुदीला हौशी लोकांना घेऊन चालवायचा. नाही झाला, तर भंगारात. काम माझ्याकडे आलं आणि मी त्या डब्याच्या असा काही नादी लागलो, की तुमचं अंथरूण तिकडेच टाकू का, असं बायको विचारायला लागली. सागवानी झडपा पारोळ्याच्या सुताराकडून करून आणल्या. पितळी कड्या चिंचेने घासल्या. टपावर जाड कापड ताणून बसवलं आणि त्यावर पांढऱ्या रंगाचे हात दिले. मग एकदा जेवताना मी बढाई मारली, की टप इतका स्वच्छ झालाय, ताट न घेता त्यावर जेवायला बसावं.

बढाई माझ्या आईने, म्हणजे अक्काने, ऐकली. आणि महिना वैशाखाचा होता.

वैशाखात खानदेशातल्या बाईला कुठेही मोकळी जागा दिसली की तिथे तिला बिबडेच दिसतात. बिबडे म्हणजे शिजवलेल्या ज्वारीच्या पिठाचे पापड. थापायचे, जुन्या लुगड्यावर घालायचे आणि कडक उन्हात वाळवायचे. आमच्या अंगणात शेजारच्या शेळ्या आणि साऱ्या तालुक्याची धूळ. डब्याच्या टपावर दोन्ही नाही, आणि शिडी मीच लावून ठेवलेली! अक्का आणि बायको भल्या सकाळी वर चढल्या, लुगडी पसरली, उडू नयेत म्हणून कडेने दगड ठेवले आणि बिबडे घालून खाली उतरल्या. शेळ्या चढतील म्हणून शिडी काढून आडवी टाकायलाही विसरल्या नाहीत. गाडी हलली तर, अशी शंका बायकोने काढली होती म्हणे. त्यावर, वर्षानुवर्षं जागेवरच असलेल्या डब्याकडे बोट दाखवून अक्का म्हणाली, "ती कथी जाई राहिनी? कवयनी उभीच ते शे."

साहेब तपासणीला यायचे होते दुसऱ्या दिवशी. ते आले त्याच दिवशी.

साहेब नुकतेच कोकणातून बदलून आलेले, अबोल आणि चष्म्याच्या वरून बघणारे. मी त्यांना झडपा दाखवल्या, कड्या दाखवल्या. त्यांनी सगळीकडे बोट फिरवून बोटाकडे पाहिलं. मग म्हणाले, चालवून बघू. इंजिन जोडलं, आम्ही आत बसलो आणि डबा इतक्या वर्षांनी जागचा हलला. माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

तेवढ्यात बायको क्वार्टरमधून धावत आली. ती डब्याच्या बरोबरीने पळत होती, दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होती. नवऱ्याच्या कामाचं तिला एवढं कौतुक असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी हात हलवला. साहेबांना म्हणालो, "घरचे लोक." साहेबांनीही हात हलवला. मग तिने कपाळावर हात मारून घेतला. तो नमस्कार असावा असं मी समजलो.

गाव मागे पडलं आणि टपावर गडगड सुरू झाली. साहेबांनी वर पाहिलं. जुनं लाकूड उन्हात बोलतं, असं मी सांगितलं. लाकूड मग एका बाजूने दुसऱ्या बाजूला बोलत गेलं आणि शेवटी एक दगड खिडकीसमोरून खाली पडला. त्यापाठोपाठ हिरव्या लुगड्याचा काठ खिडकीत लोंबू लागला. ते लुगडं मी ओळखलं. बायको का पळत होती तेही ओळखलं. साहेब विचारायच्या आत मी तो काठ खिळ्याला अडकवला आणि म्हणालो, "पडदा. उन्हासाठी."

आणि मग खिडकीतून पांढरे तुकडे आत यायला लागले.

साहेबांनी एक मांडीवरून उचलला, उजेडात धरला आणि खिशातून पेन काढलं. "पहिल्याच फेरीत छताचा रंग निघतोय," ते शांतपणे म्हणाले. "हा डबा काही ठेवता यायचा नाही."

"साहेब, हा रंग नाही. हे बिबडे आहेत."

बिबडे म्हणजे काय, ते कोणी घातले, कुठे घातले, हे सगळं मी धडाधड सांगून टाकलं. नोकरीचं जे व्हायचं ते होवो, पण डबा भंगारात जाता कामा नये! साहेबांनी ऐकून घेतलं आणि हातातला तुकडा माझ्यापुढे धरला.

"खाऊन दाखवा."

मी खाल्ला. दाताखाली धरल्याबरोबर तोंडभर, रंगात कालवतात त्या बेलतेलाची चव पसरली. तो रंगच होता. थुंकलो असतो तर डबा गेला असता. मी चावला, गिळला आणि म्हणालो, "कच्चा आहे साहेब. तळला की फुलतो."

साहेब पहिल्यांदाच हसले. सकाळपासून पोटात काही नाही म्हणाले, आणि शेजारचा तुकडा उचलून स्वतःच्या तोंडाकडे नेला. मी झडप घातली. अक्षरशः ओठांपासून हिसकावला आणि माझ्या तोंडात टाकला. हा नेमका खरा निघाला, अक्काच्या हाताचा, लसूण-मिरचीचा. तोंडातली बेलतेलाची चव जाऊन लसणाची आली आणि माझे डोळे आपोआप मिटले. साहेब बघतच राहिले. मग मी बाकावरचे, खालचे, त्यांच्या मांडीवरचे, सगळे तुकडे गोळा करून खिशात भरले. कुठला कोणता हे बघायला वेळ नव्हता.

डबा पास झाला. छताचं काम उत्तम, असा शेरा मिळाला. तोंडी शेरा वेगळा होता. "माणूस कसबी आहे," साहेब म्हणाले, "पण याला घरी जेवायला घालत नाहीत की काय?" हा शेरा आठवड्याभरात सगळ्या लायनीवर पसरला आणि अक्काने तो इतका मनाला लावून घेतला, की साहेबांकडे डबाभर बिबडे गेले आणि माझ्या ताटात महिनाभर दोन्ही वेळा. खरं सांगायची सोय नव्हती. लुगडी कमी पडली म्हणून शेवटचे ओले बिबडे तिने थेट टपावरच थापले होते, आणि निघताना ते रंग घेऊन निघाले होते. ती जागा मी सुट्टीच्या दिवशी गुपचूप पुन्हा रंगवली.

रंग खाल्ल्याचं बायकोला तेवढं सांगितलं. तेव्हापासून घरात पाट रंगवू दे, नाही तर खिडकी, ती हातात पाण्याचा पेला घेऊन येते आणि विचारते, "चव बघितली का?"