गोबरगॅसवाल्याला मुलगी कोण देणार?

गोबरगॅसच्या धंद्यात कधी सिमेंट कमी पडायचं, कधी विटा, कधी साहेबाची सही. किस्से मात्र कधी कमी पडले नाहीत. खड्डा खणला की दोन निघायचे, बुजवला की आणखी एक! आजही आमची जुनी मंडळी कुठे लग्नकार्यात भेटली की जेवण राहतं बाजूला आणि शेणाच्या गोष्टी सुरू होतात. शेजारी बसलेले लोक मग हळूच ताट उचलून दुसऱ्या पंगतीला जातात.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. आमची टोळी तिघांची. राजन्ना सुपरवायझर, सरकारी माणूस, घरी तेलुगू, कामावर हिंदी. मी फिटर, म्हणजे पाइप, कॉक आणि शेगडी. आणि देवराव मिस्त्री, जमिनीखाली विटांचा घुमट बांधणारा. त्या घुमटाला आम्ही डोम म्हणायचो. तेलुगू मुलखाच्या सीमेवर, इचोड्यापासून जैनथपर्यंत ज्याच्या दारात चार जनावरं, त्याच्या दारात आम्ही.

देवरावचा हात चांगला होता, पण तोंड हातापेक्षा मोठं. दुसऱ्या मिस्त्रीचं काम दिसलं की थांबायचं, मान हलवायची आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, हा त्याचा नेम. दुखणं एकच होतं. वय तिशीला टेकलं, घरी म्हातारी आई भाकरी थापून थापून कंटाळली, आणि लग्न काही जमत नव्हतं. कारण धंदा!

*

पहिलं स्थळ इचोड्याचं. मुलीचा मामा किराणा दुकानदार. देवरावने ट्रेनिंगचं सर्टिफिकेट फ्रेम करून सोबत नेलं होतं. गुलाबी कागद, खाली गोल शिक्का, मधोमध देवरावचं नाव. मामाने चष्मा लावून ते उलटसुलट पाहिलं.

"गॅस म्हंजे ते सिलिंडरचं काम का?"

"नाही जी. गोबरगॅस."

"म्हंजे शेण?"

"शेणापासून गॅस होते जी."

मामाने सर्टिफिकेट दोन बोटांत धरून परत केलं आणि आत जाऊन हात धुऊन आला. मग म्हणाला, "आमच्या पोट्टीले जरा साफ धंद्यातला मानूस पायजे."

पुढच्याच महिन्यात पोरीचं लग्न लागलं. नवरा दारूच्या दुकानातला मुनीम! देवराव आठवडाभर सगळ्यांना विचारत होता, "म्हंजे दारू साफ, अन् शेण घाण? सांगा ना बापा, काऊन?"

*

प्लांट बांधून झाला की पहिल्या भरतीला गाड्यांनी शेण लागतं. दारातल्या जनावरांचं पुरत नाही. जैनथच्या पुढे मारोतराव म्हणून एक जण होते, त्यांच्याकडे दोनच म्हशी. त्यांनी गावभर फिरून शेण मागितलं. लोकांनीही मोठ्या मनाने दिलं. मारोतराव सगळ्यांना सांगत सुटले, "गॅस चालू झाला की चहाले या!"

हे बोलणं त्यांना महागात पडलं. शेगडी पेटली त्या दिवशी सकाळी मी शेवटचा कॉक घट्ट करत होतो, तर अंगणात ही रांग! कोणाच्या हातात किटली, कोणाच्या हातात दुधाचं पातेलं. गंगाबाई म्हणून एक म्हातारी तर तुरीच्या डाळीचं भगुणं घेऊनच आली.

"माह्या चार गायीचं शेन हाय याच्यात. माही डाळ पयले शिजन!"

"अन् आमच्या बैलाइचं का पाणी होतं का?" मागून आवाज आला.

डाळ शिजेपर्यंत गॅस संपला. मारोतरावांच्या बायकोने परसात तीन दगड मांडले, डोळे पुसत पुसत घरचा स्वयंपाक केला आणि मला हाक मारली.

"भाऊ, हा गॅस तुमी आमच्या घरी बसवला का गावच्या चावडीत?"

*

एकदा हैदराबादहून बडे साहेब मुआयन्याला आले. आमच्याकडे तपासणीला अजून मुआयनाच म्हणतात. निजाम गेला, मुआयना राहिला! साहेब आले भर दुपारी, एप्रिल महिन्यात. घरधनीण म्हणाली, स्वयंपाकघरात चला, पण बूट काढून. साहेबांचे बूट लेसवाले. साहेबांना वाकायचं नव्हतं. त्यांनी हुकूम सोडला, "चूल्हा बाहर लाओ!"

मी रबरी नळी जोडून शेगडी अंगणात आणली, पेटवली. गोबरगॅसची ज्योत फिकट निळी असते. घरात झकास दिसते, भर उन्हात काही म्हणजे काही दिसत नाही. साहेबांनी वास येऊ नये म्हणून नाकाला रुमाल लावला होता. ते शेगडीकडे पाहत राहिले.

"फ्लेम किधर है?"

"है सर," राजन्ना म्हणाला.

"मुझे तो नहीं दिखता! झूठा काम किया तुम लोगों ने!"

"साहेब, बूट काढून आत चला, दिसन," देवराव म्हणाला. साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो मागे सरून म्हशीआड उभा राहिला. मग साहेब स्वतःच तपासायला शेगडीवर वाकले. नाकाचा रुमाल खाली लोंबत होता. भक्कन पेट घेतला! साहेबांनी तो फेकला, त्याच्यावर नाचले, लेसवाल्या बुटांनी विझवला.

राजन्ना हात बांधून शांतपणे उभा होता. म्हणाला, "सर, अब दिखा?"

*

मार्च महिना आला की वर्षाचा आकडा पुरा करायला ऑफिसला प्लांटची भूक लागायची. वर्षभर झोप आणि मार्चमध्ये फोटो! तालुक्याच्या एका साहेबांनी तर कमालच केली. एक चांगला प्लांट निवडला आणि फोटोग्राफरला म्हणाले, याचे चारी बाजूंनी फोटो काढा. म्हणजे चार गावं, चार प्लांट! समोरून काढताना मालक उभा केला, मागून काढताना मालकाचा भाऊ. डावीकडून घेताना देवरावला टोपी घालून शेतकरी केलं, उजवीकडून मला पागोटं बांधलं. साहेब स्वतः पागोट्याची घडी नीट करत होते. एवढं मन लावून काम करताना आम्ही त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

फोटोग्राफर इचोड्याचा, लग्नांचे फोटो काढणारा सरळ माणूस. त्याने तीन फोटो गुपचूप काढले. चौथ्याला मात्र कॅमेरा खाली घेतला.

"साहेब, मानसं बदलली ते ठीक हाय. म्हैस त बदला!"

*

देवरावचं दुसरं स्थळ चालून आलं, तेही थेट कामावर. डोमला आतून गिलावा करावा लागतो. मिस्त्री शेणाच्या हौदाच्या बाजूच्या भोकातून आत शिरतो आणि दिवसभर आतच असतो. त्या दिवशी देवराव आत होता, आणि मुलीचा बाप मुलगा पाहायला म्हणून विचारत विचारत प्लांटवर पोचला. धोतर पांढरंशुभ्र, सोबत दोन पाहुणे.

"देवराव कोण हाय?"

राजन्नाने खड्ड्यातल्या भोकाकडे बोट दाखवलं. "अंदर है."

"बाहेर कवा येतीन?"

"गिलावा ओला आहे, मध्ये सोडता येत नाही," मी म्हणालो.

पाहुणे लांबून आलेले, बस सुटायची घाई. शेवटी मुलीचा बाप खड्ड्यात उतरला आणि भोकाशी तोंड नेऊन बोलणी करू लागला. आतून देवराव उत्तरं देत होता. डोममध्ये आवाज असा घुमायचा, की साधं नाव सांगितलं तरी आकाशवाणी झाल्यासारखं वाटे.

"शेती किती?"

"थोडी हाय जीऽऽऽ!"

"काही व्यसन?"

"नाही जीऽऽऽ!"

सगळं छान चाललं होतं. मुलीचा बाप खूश होता. तेवढ्यात आत छताचा ओला गिलावा सुटून देवरावच्या अंगावर आला असावा. कारण भोकातून जी शिवी आली, ती घुमून घुमून तीन वेळा ऐकू आली. पाहुणे खड्ड्यातून वर चढले आणि धोतर झटकून बसस्टँडच्या वाटेला लागले.

अर्ध्या तासाने देवराव नखशिखांत सिमेंटने माखून बाहेर आला. "काय म्हनले पाहुने?"

मला खरंच त्याची दया आली. राजन्ना म्हणाला, "आवाज पसंद नहीं आया."

*

मध्ये राजन्नाला आणि मला उटनूरकडे पाठवलं. जंगलातल्या गावांत सोलरचे दिवे उभे करायचं काम निघालं होतं. तेवढे दिवस देवराव दुसरा फिटर घेऊन जैनथच्या बाजूची कामं उरकत होता.

एका गावात दिवा विहिरीपाशी लावायचा ठरला होता. बायका अंधारात पाणी भरायच्या म्हणून. पण तिथे तेंदूपत्त्याचा एक ठेकेदार राहायचा, बाहेरून येऊन गब्बर झालेला. तो म्हणाला, "दिवा माह्या दारात लागन."

त्याच्या दारात ही मोठी चिंच. राजन्नाने समजावलं, की वरच्या काचेच्या पाटीवर ऊन पडलं तरच बॅटरी भरते.

"दिवा माह्या दारातच लागन. ऊन कुठूनबी आना!"

त्याचे हात वरपर्यंत पोचलेले. वरून हुकूम आला, आम्ही दिवा चिंचेखाली उभा केला. तो अर्थातच पेटला नाही. ठेकेदाराने तक्रार केली. चौकशी झाली, पुन्हा हुकूम आला, झाड तोडा! तोडलं. दिवा लागला. त्या उन्हाळ्यात ठेकेदाराचं अंगण भट्टीसारखं तापायचं आणि तो दुपारी विहिरीवरच्या कडुलिंबाखाली खाट टाकून झोपायला यायचा. बायका पाणी भरताना मुद्दाम बादल्या आपटायच्या.

राजन्नाने कामाचा रिपोर्ट एका ओळीत दिला. "दिवा चालू, झाड बंद."

*

आम्ही परत आलो तोवर देवरावची आई अंथरुणाला खिळली होती. सून पाहिल्याशिवाय डोळे मिटणार नाही, म्हणायची. देवराव आता दुसऱ्या मिस्त्रीच्या कामासमोर थांबायचाही नाही. अशात जैनथच्या बाजूचंच, पैनगंगेकाठचं एक स्थळ आलं. राजन्नाने बजावलं, "इस बार गोबर का नाम नहीं लेना! गवर्नमेंट का काम बोलो, बस."

देवरावने पांढरा शर्ट शिवला, माझं घड्याळ लावलं, नखांतलं सिमेंट खिळ्याने कोरून काढलं. मी चुलतभाऊ म्हणून सोबत गेलो. मुलीचे वडील तुळशीरामजी चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत होते, नुकतेच कायमचे घरी आलेले. भारदस्त माणूस, मिशी मोठी, दाराशी काठी टेकवलेली. बोलणं छान रंगलं.

"सरकारी काम म्हंजे कोन्या खात्यात?" त्यांनी विचारलं.

देवराव माझ्याकडे पाहायला लागला. मी घाईत बोलून गेलो, "ऊर्जा."

"ऊर्जा? मंग बरे भेटले! या जरा मांगं." आणि तुळशीरामजी काठी घेऊन आम्हाला परसात घेऊन गेले.

गोठ्याशेजारी गोबरगॅसचा प्लांट! "मी नव्हतो तवा माह्या भावानं बांधून घेतला. चार दिवस पेटला अन् बसला. डोमच गळून राह्यला, जी. पोट्टी पुन्हा चुलीवर आली. त्या मिस्त्रीले एकदा भेटाचं हाय मले," ते म्हणाले आणि काठी जमिनीवर आपटली.

काम संपलं की देवराव हौदाच्या ओल्या कठड्यावर बोटाने एक त्रिशूळ काढायचा. ती त्याची खूण. मी कठड्याकडे पाहिलं. त्रिशूळ! मी देवरावकडे पाहिलं. त्यालाही दिसला होता. येताना आम्ही पुढच्या गल्लीने आलो होतो, कामाच्या वेळी हा गडी मागच्या गल्लीने, गोठ्यातून येत असणार. व्यवहार झालेला भावाशी, आणि तो आज घरी नव्हता. त्याचा चेहरा शर्टापेक्षा पांढरा पडला.

मला वाटलं, आता हा पळतो. पण देवरावने काय करावं? कठड्याला टेकून उभा राहिला, त्रिशूळ पाठीमागे झाकला आणि नेहमीप्रमाणे सुरू झाला!

"अरे रे रे! याले काय काम म्हनते? कोन गाढवानं बांधला हा? असल्या मिस्त्रीचे हात बांधून त्याले याच हौदात बुडवाले पायजे!"

"बरोब्बर!" तुळशीरामजी म्हणाले.

"सिमेंट कमी टाकलं असन, चोर! गरिबाच्या चुलीशी खेळते! दिसला त मीच पयले दोन हानीन!"

तुळशीरामजींचा ऊर भरून आला. त्यांनी देवरावच्या खांद्यावर हात ठेवला. "असा खरं बोलनारा जावई पायजे! मले पसंत हाय. पोट्टीले चहा आनाले सांगतो."

तिथेच, परसात, खाटा टाकल्या; देवराव मात्र कठडा सोडेना. सुमन डोक्यावर पदर घेऊन चहा घेऊन आली. मान खाली. पहिला कप वडिलांना, दुसरा मला. देवरावपुढे ट्रे धरला आणि तिथे मात्र तिने मान वर केली.

"घ्या मिस्त्री. प्लांट बांधत होते तवा तीन चमचे साखर घेत होते तुमी. आताबी तेवढीच टाकली."

तुळशीरामजींनी देवरावकडे पाहिलं, मग कठड्याकडे पाहिलं. हात काठीकडे गेला. देवराव कप धरून तसाच उभा.

सुमनने रिकामा ट्रे काखेत मारला आणि वडिलांची काठी उचलून गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवली.

"बाबा, हाकलू नका याइले. जावई करून घ्या. मंग दुरुस्त केल्याबिगर जातीन कुठं?"