हे अजून आमचं झालं नाही

मिस्त्रीने उभा जन्म भिंतींना गिलावा करण्यात घालवला. हात सफाईचा, बोलणं कमी. भिंतीला कुठे फुगवटा दिसला की तो दुसऱ्याचा असो नाहीतर स्वतःचा, ओला असतानाच खरवडून टाकायचा आणि एकच शब्द बोलायचा, "पुन्हा." हाताखालची माणसं पाठीमागे त्याला 'पुन्हा मिस्त्री' म्हणायची. ते त्याला ठाऊक होतं, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं.

गुडघ्यांनी दगा दिला तसा तो घरी बसला. मुलगा आणि सून कामावर जायचे. घरात उरायचे तो आणि नात. नात चार वर्षांची, अंगाने एवढीशी, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. जीभ मात्र अंगापेक्षा मोठी. शेजारच्या काकूंनी गालगुच्चा घेऊन विचारलं, मोठेपणी कोण होणार? मुंगी म्हणाली, ते मोठ्या मुंगीला विचारा, माझी अजून तिच्याशी ओळख नाही. मांजराला शेपूट कशाला असते, असं मिस्त्रीने विचारलं तर म्हणे, मांजर कुठे संपलं ते कळायला. मिस्त्रीला हसता हसता खोकला लागायचा. कामावर त्याला कधी कुणी असं हसताना पाहिलं नव्हतं. मुंगीही उत्तर दिलं की लगेच त्याच्या तोंडाकडे बघायची, हसू फुटलं का ते.

मग शाळेची वेळ आली. पहिल्या शाळेत बाईंनी लाल कार्ड दाखवून विचारलं, हा कोणता रंग? मुंगी म्हणाली, "तुम्हाला पण येत नाही?" तिथला प्रवेश गेला. दुसरी शाळा घराजवळ होती, चांगली होती. ती हुकली तर पोरीला रोज बसने लांब धाडावं लागणार होतं. सून रडकुंडीला आली. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही घरीच असता. हिच्याकडून जरा सरळ उत्तरं बसवून घ्या."

मिस्त्रीने काम अंगावर घेतलं, आणि अंगावर घेतलेलं काम त्याने कधी अर्धवट सोडलं नव्हतं. रोज सकाळी दोघं गॅलरीत समोरासमोर बसायची. रंग झाले, फळं झाली, प्राणी झाले. रागावणं नाही, हात उगारणं नाही. उत्तर वाकडं आलं की फक्त, "पुन्हा." खरी मेहनत पडली ती हसू दाबायला. चंद्र कधी दिसतो, असं त्याने विचारलं. त्याला मी दिसते तेव्हा, मुंगी म्हणाली. मिस्त्रीने ओठ आत ओढून घेतले, रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पुन्हा." मुंगी बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. पुढे पुढे तिने हसू शोधणं सोडून दिलं. त्याची मान हलते का, तेवढंच बघू लागली. काम जमत चाललंय, असं मिस्त्रीला वाटलं.

शाळेत मुलाबरोबर तोही गेला. बाई तरुण होत्या, बोलायला गोड. मुंगीने सगळं धडाधड सांगितलं, एक उत्तर चुकलं नाही. मुलाची छाती फुगली. बाईंनी कार्डं बाजूला ठेवली आणि सहज विचारलं, "तुला एक रिकामी खोली दिली, तर तू त्यात काय ठेवशील?"

तिने मान वळवून मिस्त्रीकडे पाहिलं. मग ती बाईंना हळूच म्हणाली, "हे अजून आमचं झालं नाही."

बाई हसल्या, मुलगाही हसला. पोरगी हजरजबाबी आहे हो, म्हणत बाईंनी प्रवेश देऊन टाकला. घरी आल्यावर सुनेने मुंगीला कडेवर घेऊन नाचवलं आणि सासऱ्याला म्हणाली, "बाबा, सगळी तुमची मेहनत." शाळेत मुंगी गंमत करत नव्हती, हे त्या घरात त्याला एकट्यालाच कळलं होतं. ती खोली तिला रिकामीच दिसली होती.

दुसऱ्या दिवशी मुलगा-सून बाहेर पडल्यावर मुंगी आपणहून गॅलरीत येऊन बसली, पाय जुळवून, हात मांडीवर. मिस्त्रीने विचारलं, "मुंगे, त्या खोलीत काय ठेवायचं गं?"

"काय ठेवायचं, आबा?"

"तुला वाटेल ते."

"पण बरोबर कुठलं?"

"यात बरोबर-चूक नसतं."

मुंगीचा विश्वास बसला नाही. "मग तू 'पुन्हा' म्हणशील."

नाही म्हणणार, त्याने सांगितलं, आणि सांगताना त्याचाच आवाज त्याला परका वाटला. मुंगीने विचार केला. तोलून मापून म्हणाली, "कपाट." आणि त्याच्या मानेकडे बघत राहिली.

मिस्त्रीने मान हलवली नाही. काहीतरी करायलाच हवं म्हणून तो हसला, चांगला मोठ्याने. मुंगी जवळ आली. तिने त्याचं तोंड नीट न्याहाळलं.

"आबा, कपाटात हसण्यासारखं काय आहे?"

खाली रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. मुंगी उत्तराची वाट बघत तिथेच उभी राहिली.